जब्दीची होडी



आज पुनरुत्थानकाळातील चौथा रविवार, म्हणजेच उत्तम मेंढपाळाचा रविवार. पोप सहावे पॉल ह्यांच्या इच्छेनुसार १९६४ सालापासून जगभरातील ख्रिस्तसभा हा दिवस पाचारणासाठी प्रार्थना करण्यात घालवते. आजच्या मिस्सेतही आपण धर्मगुरू, धर्मबंधू आणि धर्मभगिनी मिळाव्यात म्हणून विनंत्या केल्या. पीक भरपूर आहे, कामकरी कमी आहेत, म्हणून पिकाच्या धन्याकडे कामकरी मागा, असे प्रभूनेच आपल्याला सांगून ठेवले आहे. आपण मागतोही. पण आपण मागतो म्हणजे नेमके काय मागतो, हे जरा जवळून पाहावे असे आज वाटते.

गेल्या वर्षी ह्याच रविवारी मिस्सेनंतर चर्चच्या पायऱ्यांवर एका आजीने आमचा हात धरला. "फादर, मी रोज रात्री एक जपमाळ फक्त पाचारणासाठी करते हां," ती म्हणाली. आम्ही तिचे आभार मानले आणि तिच्या बाजूला उभ्या असलेल्या नातवाकडे पाहून सहज विचारले, "मग हा चालेल का आम्हाला?" नातू चांगला सहा फुटी, दाढी राखलेला, इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. आजीने त्या एवढ्या मोठ्या मुलाला दंडाला धरून मागे ओढले. "नको नको फादर, ह्याचं राहू द्या. हा एकटाच आहे आमचा!" आम्ही तिघेही हसलो. (हे आजीच्या परवानगीने लिहीत आहोत. तिने अट घातली की नाव येता कामा नये.)

हसण्यावारी गेले, पण घरी येऊन आम्ही त्यावर विचार करत राहिलो. आजीची जपमाळ खोटी नव्हती आणि तिची भीतीही खोटी नव्हती. आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात ह्या दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी नांदतात. आज त्या भीतीबद्दल कोणाला रागे भरावे असा आमचा हेतू नाही. उलट आमचे म्हणणे असे आहे की पाचारणाबद्दल बोलताना आम्ही धर्मगुरू मंडळी त्या भीतीला बऱ्याचदा फार घाईने गप्प बसवतो.

शुभवर्तमानात एक माणूस आहे, ज्याच्याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. त्याचे नाव जब्दी. गालील सरोवराच्या काठी त्याची होडी लागलेली आहे, याकोब आणि योहान हे त्याचे दोन मुलगे होडीत बसून जाळी नीट करत आहेत. प्रभू येशू काठावरून जातो, त्यांना हाक मारतो आणि ते दोघे उठून त्याच्यामागे चालू लागतात. आम्ही प्रवचनात नेहमी ह्या दोन मुलग्यांबद्दल बोलतो. किती तत्परता! किती त्याग! होडीत बसून राहिलेल्या बापाबद्दल कोणी बोलत नाही. तो स्वतःही एक शब्द बोलत नाही.

आपल्या धर्मग्रामातील कोळी बांधवांना हे दृश्य समजावून सांगायची गरज नाही. दोन तरणे मुलगे होडीवर असणे वेगळे आणि पगारी खलाशी असणे वेगळे. खलाशाला हंगामाआधी आगाऊ रक्कम मोजावी लागते, आणि एवढे करूनही तो ऐन वेळी दुसऱ्याच्या होडीवर जाणार नाही ह्याची खात्री नसते. पोरगा मध्यरात्री उठवला तर कुरकुर करत का होईना, येतो. ती दोन्ही पोरे एका सकाळी, जाळे अर्धे शिवलेले टाकून, एका सुताराच्या मुलामागे निघून गेली. त्या संध्याकाळी जब्दीच्या घरात काय बोलणे झाले असेल?

संत मत्तय ह्या प्रसंगात फक्त एवढेच सांगतो की मुलांनी होडी आणि बाप मागे सोडला. संत मार्क मात्र एक तपशील जास्त देतो: बाप होडीत एकटा नव्हता, त्याच्यासोबत मजुरीचे गडी होते. मार्कचे शुभवर्तमान चारहींत सर्वांत लहान. शब्द उधळणारा हा लेखक नव्हे. मग हे गडी त्याने कशासाठी नोंदवले असतील? ह्या प्रश्नाकडे पुन्हा येऊ. त्याआधी एक घरची गोष्ट सांगावी लागेल.

आम्ही, म्हणजे हे लिहिणारे तुमचे फादर, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होतो तेव्हा सेमिनरीत जाण्याचा विचार घरी बोलून दाखवला. आईला अंदाज होता. वडील वाडी करायचे. केळी, थोडी भाजी, बांधाला मोगरा, आणि पहाटेच्या गाडीने फुले दादरला. अर्जावर पालकांच्या सहीसाठी जागा होती. तो अर्ज आम्ही वडिलांपुढे नाताळच्या आठवड्यात ठेवला. त्यांनी तो वाचला, घडी घातली आणि घरातल्या वेदीवर, पवित्र हृदयाच्या तसबिरीमागे ठेवून दिला. उपवासकाळ आला, झावळ्यांचा रविवार झाला, पुनरुत्थानाचा सण झाला. अर्ज तिथेच. रोज संध्याकाळी जपमाळेला बसलो की तसबिरीमागून त्याचे एक टोक दिसायचे.

सण झाल्यावर एका रात्री आम्हीच विषय काढला. वडिलांनी एकच प्रश्न विचारला, "वाडी कोण शिंपणार?"

आम्ही वीस वर्षांचे. डोक्यात शिबिरातली भाषणे भरलेली. आम्ही मोठ्या श्रद्धेने उत्तर दिले, "देव बघेल."

वडील म्हणाले, "देव काय पहाटे चारला पंप चालू करायला येणार नाही." आणि उठून बाहेर गेले.

त्या वेळी आम्हाला वाटले की वडिलांची श्रद्धा कमी पडते आहे. ही गोष्ट पुढे पुष्कळ वर्षे आम्ही पाचारण शिबिरांत सांगत असू, आणि तिचा रोख असा असे की बघा, घरचा विरोध असूनही आम्ही डगमगलो नाही. मुले टाळ्याही वाजवायची. आज ती तशी सांगायची आम्हाला लाज वाटते.

त्याचे कारण सांगतो. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संत थॉमस अक्वायनसची ओळख झाली. हा संत आम्हाला आवडण्याचे पहिले कारण त्याचा ग्रंथ नव्हे, त्याचे घर. इटलीतील रोक्कासेक्का येथील सरदार घराण्यात, सुमारे १२२५ साली त्याचा जन्म. घरच्यांनी त्याला पाचव्या वर्षीच मोंते कास्सिनोच्या प्रसिद्ध मठात ठेवले होते, कारण पुढेमागे त्याने तिथला मठाधिपती व्हावे अशी त्यांची इच्छा होती. म्हणजे मुलगा ख्रिस्तसभेच्या सेवेत जाण्याला घरच्यांची मुळीच ना नव्हती! पण १२४४ साली थॉमसने डोमिनिकन संघ निवडला. त्या काळी हे नवे लोक, भिक्षा मागून राहणारे. घरच्यांना ते घराण्याच्या नावाला शोभेना. भावांनी त्याला वाटेत पकडले आणि सुमारे एक वर्ष घराण्याच्या किल्ल्यांत अडकवून ठेवले. पुढे आईनेच काणाडोळा करून त्याला निसटू दिले असे सांगतात. आजही कोणी आम्हाला म्हणतात, "फादर, रोमला शिकायला पाठवणार असतील तर हरकत नाही, पण त्या आदिवासी भागातल्या मिशनमध्ये वगैरे नको," तेव्हा आम्हाला हटकून थॉमसची आई आठवते.

तर हा थॉमस, ज्याला घरच्यांनी कोंडून ठेवले होते, त्याने मोठेपणी आपल्या ग्रंथात हाच प्रश्न घेतला: आई-वडील असताना मुलाने संन्यस्त जीवनात जावे की नाही? सूड उगवण्याची उत्तम संधी होती. पण तो काय लिहितो? आई-वडील इतक्या गरजेत असतील की ह्या मुलाच्या मदतीवाचून त्यांचा सांभाळ होऊच शकत नसेल, तर त्यांना टाकून मठात जाणे त्या मुलाला योग्य नाही. आई-बापाचा मान राख ही देवाचीच आज्ञा आहे आणि देवाच्या सेवेच्या नावाखाली ती मोडता येत नाही. तशी गरज नसेल, दुसरी सोय होऊ शकत असेल, तर मात्र मूल मोकळे आहे. आणि दुसऱ्या एका ठिकाणी तो जब्दीच्या मुलांचेच उदाहरण देतो. त्यांची वाहवा का करायची? बाप वाईट होता आणि त्यांनी त्याला सोडले म्हणून नव्हे, तर बापाचा चरितार्थ आपल्यावाचून चालू शकेल असे त्यांना दिसत होते म्हणून.

हे वाचले तेव्हा आम्हाला पंपाची आठवण झाली. वडिलांचा प्रश्न श्रद्धेच्या विरुद्ध नव्हताच. तो चौथ्या आज्ञेचा प्रश्न होता, आणि आम्ही त्याला "देव बघेल" असे म्हणून तोंड चुकवले होते. ख्रिस्तसभासुद्धा असे तोंड चुकवत नाही. तिच्या कायद्यात एक साधे कलम आहे: ज्याच्या डोक्यावर फेडता न येणारे कर्ज आहे त्याला संन्यस्त संघाने नवशिक्षार्थी म्हणून घेऊ नये. देणेकऱ्यांना दारात उभे ठेवून मागच्या दाराने देवाकडे जाता येत नाही, असाच त्याचा अर्थ.

आमच्या घरी शेवटी काय झाले ते सांगतो. बहिणीचे लग्न गावातच झाले होते. तिचा नवरा एके दिवशी आपण होऊन वडिलांना म्हणाला, "अर्धी वाडी मी करतो, पंपाचं माझ्यावर सोडा." त्याच आठवड्यात अर्ज तसबिरीमागून खाली आला. वडिलांनी सही केली. वर काही बोलले नाहीत. म्हणजे आमच्या पाचारणात जितका वाटा आमच्या प्रार्थनेचा आहे तितकाच आमच्या भावोजींचा आहे. मार्कने गडी का नोंदवले हे आम्हाला तेव्हा कळले. जब्दीच्या होडीवर माणसे होती, म्हणून त्याचे मुलगे शांत मनाने चालू पडू शकले.

आता आपल्या घरांकडे येऊ या. पूर्वी आपल्याकडे सात-आठ मुले असत. एक फादर झाला, एक सिस्टर झाली, तरी वाडी आणि होडी चालू राही. आज घरात एक किंवा दोन. अशा घरातल्या आई-बापांना आम्ही जुन्या काळचे दाखले देत बसलो तर ते गप्प ऐकून घेतील आणि मनात म्हणतील की फादरांना बोलायला काय जाते! त्यांचे खरे आहे. हा प्रश्न आज आमच्या वडिलांच्या काळापेक्षा कठीण झाला आहे.

पण ह्याच घरांना आमचा एक प्रतिप्रश्न आहे, आणि तो रागावू नये अशा बेताने विचारतो. तोच एकुलता मुलगा कॅनडाला निघाला, जहाजावर निघाला, तीच एकुलती मुलगी नर्स होऊन आखातात किंवा आयर्लंडला निघाली, तर आपण कर्ज काढतो, मांडव घालतो, विमानतळावर दोन गाड्या भरून जातो. तेव्हा वाडी कोण शिंपणार हे कोणी विचारत नाही. तिकडून तो दोन वर्षांतून एकदा येतो, तेही पंधरा दिवसांसाठी. धर्मप्रांतातला फादर मुलगा आई आजारी पडली तर तासाभरात घरी येऊन पोहोचतो. मग आपल्याला नक्की कसली भीती वाटते? दुरावण्याची म्हणावी, तर परदेशाच्या बाबतीत ती आपण गिळतो. पैशाची असेल तर ती सरळ बोलून दाखवावी, त्यात लाज नाही. वंश थांबण्याची असेल तर तीही बोलावी. भीतीचे खरे नाव कळले तर तिच्यावर काही उपाय तरी करता येतो.

एक भीती अशी आहे की ती आम्ही मुळीच हलकी करणार नाही. वर्तमानपत्रांत धर्मगुरूंबद्दल वाईट बातम्या येतात आणि त्यांतल्या काही खऱ्या असतात. त्या वाचून एखादी आई मुलाला किंवा मुलीला पाठवायला बिचकली तर तिला दोष कसा देणार? अशा आईने आम्हाला तोंडावर प्रश्न विचारावेत. मूल जिथे जाणार ती जागा जाऊन पाहावी, तिथल्या वरिष्ठांना भेटावे, आधी गेलेल्यांच्या घरच्यांशी बोलावे. मुलीला स्थळ पाहताना आपण किती चौकशा करतो! इथे का करू नयेत?

आणि जाणे म्हणजे जाणेच, हेही लपवायचे नाही. स्कोपिये शहरातील द्राना नावाच्या बाईचे उदाहरण घ्या. १९१९ साली नवरा गेला, तीन मुले पदरात. त्यांतली धाकटी अग्नेस १९२८ साली, अठराव्या वर्षी, धर्मभगिनी व्हायला आयर्लंडला गेली आणि तिथून भारतात आली. पुढे जग तिला मदर तेरेसा म्हणून ओळखू लागले आणि २०१६ साली ती संत म्हणून घोषित झाली. पण त्या मायलेकींची पुन्हा कधीच भेट झाली नाही. आई अल्बेनियात राहत होती. तिथल्या राजवटीने भेटीची वाट बंद ठेवली आणि १९७२ साली तिराना शहरात आई वारली. मदर तेरेसांच्या तसबिरीला हार घालताना ह्या आईची आठवण ठेवावी. आपल्याकडे आता अशी ताटातूट होत नाही, धर्मभगिनी सुट्टीला घरी येतात, फोन करतात. तरीही मुलीच्या आईच्या डोळ्यांत पाणी येणारच. त्या पाण्याला आम्ही श्रद्धेचा अभाव म्हणणार नाही.

आता तरुण मुलामुलींनो, थोडे तुमच्याशी.

परीक्षा संपल्या आहेत, निकालाची वाट पाहणे चालू आहे, लग्नांचे दिवस आहेत, बँडवर नाचून पाय दुखत असतील. अशा वेळी पाचारणाचे बोलणे कोणाला आवडणार, हे आम्हाला ठाऊक आहे. पण तुमच्यापैकी एकदोघे तरी असे आहेत की ज्यांच्या मनात हा विचार येऊन गेला आहे आणि त्यांनी तो कोणाला सांगितलेला नाही. मित्र हसतील म्हणून, किंवा मनात आणखीही काही काही असते आणि आपण तेवढे पवित्र नाही असे वाटते म्हणून. हे पान त्या एकदोघांसाठी आहे.

पाचारण म्हणजे कानात आवाज येणे नव्हे. बाळ शमुवेलाला खरोखर आवाज आला, तरी त्याला तो कळला नाही. तीनदा तो उठून एलीकडे धावला. एली म्हातारा, डोळ्यांनी अधू, आणि खरे सांगायचे तर फार आदर्श धर्मगुरूही नव्हे, पोटच्या मुलांना तो आवरू शकला नव्हता. तरीही मुलाला हाक मारणारा देव आहे हे त्यानेच ओळखले. (आमच्यासारख्यांना ह्या एलीचा मोठा आधार वाटतो.) तेव्हा मनात काही असेल तर एकट्याने उशीवर डोके ठेवून त्याचा गुंता वाढवू नका. एखाद्या एलीला गाठा. आम्हीच असले पाहिजे असे नाही. कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर आहेत, तुमचे धर्मशिक्षणाचे सर आहेत.

ओळखायचे कसे? शिबिराच्या शेवटच्या रात्री, मेणबत्त्या पेटवून गाणी म्हणताना, सगळ्यांनाच संत व्हावेसे वाटते. त्या रात्रीवर जाऊ नका. जुलैच्या एखाद्या पावसाळी मंगळवारी, लोकल चुकली आहे, बूट भिजले आहेत, तेव्हाही तो विचार मनात तग धरून आहे का, ते पाहा. आजाऱ्याजवळ बसायला, लहान मुलांना शिकवायला, मिस्सेत दहा मिनिटे जास्त थांबायला तुम्हाला कोणी न सांगता आवडते का, ते पाहा. आणि ज्यांना लग्न, संसार मुळीच नको वाटतो, माणसांचाच कंटाळा येतो, त्यांनी कृपा करून सेमिनरीत येऊ नये. जो चांगला नवरा, चांगला बाप होऊ शकला असता त्यालाच चांगला धर्मगुरू होता येते असा आमचा अनुभव आहे. धर्मभगिनींचेही तसेच.

कोणी तुमच्यावर जबरदस्ती करणार नाही. ख्रिस्तसभेच्या कायद्याप्रमाणे कोणालाही दीक्षा घेण्यास भाग पाडण्याची सक्त मनाई आहे, आणि योग्य उमेदवाराला दीक्षेपासून अडवण्याचीही तेवढीच मनाई आहे. दीक्षेआधी प्रत्येकाला आपण स्वखुशीने आणि मोकळेपणाने पुढे येत आहोत असे स्वतःच्या हस्ताक्षरात लिहून द्यावे लागते. आई नवस बोलली होती म्हणून, किंवा काका बिशपांच्या ओळखीचे आहेत म्हणून, असे लिहिलेले चालत नाही. धर्मगुरू होण्यासाठी निदान पंचवीस वर्षे पूर्ण असावी लागतात. धर्मभगिनीला आजीवन व्रते घेण्याआधी नवशिक्षार्थी म्हणून किमान एक वर्ष आणि मग तात्पुरत्या व्रतांची किमान तीन वर्षे काढावी लागतात. एवढा वेळ ख्रिस्तसभा का देते? दोन्ही बाजूंनी नीट पारखून घेता यावे म्हणून.

ह्या वर्षांत कोणी परत आला तर? गावात लगेच कुजबुज सुरू होते. "काय झालं असेल?" आमच्याबरोबर सेमिनरीत आलेल्यांपैकी कित्येक जण नंतर बाहेर पडले. आज ते शिक्षक आहेत, बँकेत आहेत, चांगले बाप आहेत. त्यांच्या लग्नांच्या मिस्साही आम्ही केल्या. त्यांनी काही चोरी केलेली नव्हती. त्यांनी देवाला प्रामाणिकपणे विचारले आणि त्यांना उत्तर मिळाले. परत आलेल्या मुलाला आपण टोमणे मारणार असू, तर पुढच्या मुलाची हिंमत आपणच मोडत आहोत.

आपल्या वसईच्या संत गोन्सालो गार्सियाचीच वाट पाहा. वसईत जन्मलेला, इथल्या येशूसंघीय धर्मगुरूंकडे शिकलेला हा मुलगा कोवळ्या वयात त्यांच्याबरोबर जपानला गेला. तिथे पुष्कळ वर्षे त्याने धर्मशिक्षक म्हणून सेवा केली, जपानी भाषा उत्तम शिकला. त्याला येशूसंघात प्रवेश हवा होता. तो मिळाला नाही. मग हा पठ्ठ्या व्यापारात पडला, आणि चांगला चालला त्याचा व्यापार! बघणाऱ्यांना वाटले असेल की संपले ह्याचे पाचारण. पण तो मनिलाला गेला आणि फ्रान्सिस्कन संघात दाखल झाला, धर्मगुरू म्हणून नव्हे, साधा धर्मबंधू म्हणून. १५९३ साली तो दुभाषी होऊन परत जपानला आला. लहानपणी शिकलेली तीच भाषा आता कामी आली. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे पंचवीस सोबत्यांसह त्याला क्रूसावर मारण्यात आले. १८६२ साली ख्रिस्तसभेने त्याला संत घोषित केले. त्याच्या आयुष्यातला कुठला टप्पा वाया गेला असे म्हणता येईल? व्यापाराची वर्षेसुद्धा नाही.

घरी कसे सांगायचे, हा तुमचा पुढचा प्रश्न. थॉमस एका ठिकाणी म्हणतो की ह्या बाबतीत नातलगांचा सल्ला घेऊच नये, ते इथे मित्र नसतात. इथे मात्र आम्ही थॉमसशी थोडे भांडतो. वर्षभर कोंडून ठेवलेल्या माणसाने असे लिहिले तर नवल नाही! पण तुम्ही घरी सांगा. आणि वडिलांनी "वाडी कोण शिंपणार" असे विचारले, आईने "म्हातारपणी आम्हाला कोण" असे विचारले, तर आमच्यासारखे "देव बघेल" म्हणून मोकळे होऊ नका. त्यांच्यासोबत बसा. कर्जाचा हप्ता किती, धाकट्याचे शिक्षण किती उरले, आजारपणाची सोय काय, हे वहीत मांडा. कदाचित उत्तर येईल की दोन वर्षे नोकरी करून मग जा. तेही उत्तर चालेल. देवाची हाक खरी असेल तर ती दोन वर्षांत विरत नाही.

शेवटी आपण सगळे, म्हणजे हा धर्मग्राम. जब्दीच्या होडीवरचे गडी कोण?

आपल्या धर्मग्रामात अशी घरे आहेत ज्यांनी मुलगा किंवा मुलगी ख्रिस्तसभेला दिली. दीक्षेच्या दिवशी आपण बँड लावला, पहिल्या मिस्सेला अख्खा गाव जेवला, आई-वडिलांना हार घातले. त्यानंतर त्या घरात आपण किती वेळा गेलो? आज त्यांतल्या काही घरांत म्हातारा-म्हातारी दोघेच आहेत. एका घरी आम्ही ख्रिस्तप्रसाद घेऊन गेलो होतो, तर बल्ब गेला म्हणून दोन दिवस स्वयंपाकघरात अंधार होता. बदलायला स्टुलावर चढणार कोण? मुलगा दूर मिशनमध्ये, कोणा दुसऱ्याच्या गावात, कोणा दुसऱ्याच्या आई-बापाची सेवा करतो आहे. त्या मुलाचे कौतुक आम्ही भाषणात करतो, आणि इथे त्याच्या आईच्या घरातला बल्ब बदलत नाही. शेजारच्या घरातला तरुण हे सगळे बघत असतो. त्याचे आई-वडील तर नक्कीच बघत असतात.

म्हणून धर्मग्राम समितीशी बोलून आम्ही एक ठरवले आहे. प्रत्येक वाडीच्या लघुसमूहाने आपल्या हद्दीतील अशा घरांची जबाबदारी घ्यायची. दवाखान्याला नेणे, वीजबिल, बाजार, पावसाळ्याआधी छपराची डागडुजी, आणि रविवारी मिस्सेला येण्यासाठी गाडी. युवकांपैकी ज्यांना मोटारसायकलवर गावभर फिरायचा एरवीही उत्साह असतो त्यांची नावे आम्ही आधीच टिपून ठेवली आहेत.

आमचे वडील आता ऐंशीच्या घरात आहेत. भावोजींनाही आता गुडघेदुखीने पहाटेचे उठवत नाही. गेल्या महिन्यात घरी गेलो तेव्हा शेजारचा बारावीतला पोरगा पंप चालू करून देताना दिसला, कोणी न सांगता, रोज. मोठा गुणी मुलगा. आम्ही त्याच्याशी दोन शब्द बोलत उभे होतो, तर वडील ओट्यावरून ओरडले, "फादर, ह्याला मात्र नेऊ नकोस रे!"

पाचारणाबद्दल बोलण्यासाठी आम्ही येत्या चारही शनिवारी संध्याकाळी पाच ते साडेसहा चर्चच्या ऑफिसात थांबणार आहोत. मुलींसाठी कॉन्व्हेंटच्या सिस्टरही असतील. मुलाने किंवा मुलीने एकटे यावे, नाहीतर आई-वडिलांना घेऊन यावे. नुसत्या आई-वडिलांनी आपले प्रश्न घेऊन यायलाही हरकत नाही. अर्ज आमच्याकडे आहेत, पण पहिल्या भेटीत आम्ही ते देत नाही. आजीने, नातवाला घेऊन किंवा न घेता, जरूर यावे. चहा आमच्याकडे.

प्रभूत आपले,
फादर